दुकान वाढविलें

आमच्या घराण्यात कुणी तलवार चालवली, कुणी दरबारी कारकुनी केली, कुणी शाळेत गणित शिकवलं. मी निरोप लिहिले. तंजावूरला समयांच्या एका पेढीत मी सगळी नोकरी या एका कामावर काढली. कुठे नोकरीला आहात असं कुणी विचारलं, आणि मी 'पितळेच्या समया करणाऱ्या पेढीत' म्हटलं, की समोरचा माझ्या हातांकडे बघायचा, भाजल्याचे डाग दिसतात का म्हणून. हात माझे कायम स्वच्छ. समया ओतायचे पापनाशमजवळच्या गावातले आचारी; आमच्याकडे ओताऱ्याला आचारी म्हणतात, स्वयंपाक्याला नव्हे. त्या घासायला, पेटीत भरायला, लॉरीत चढवायला वेगळी माणसं. माझ्याकडे उरायचं ते एवढंच, की गिऱ्हाइकाला काय मिळणार आणि कधी मिळणार ते कळवायचं, आणि मिळणार नसेल तर तेही कळवायचं. पहिली गोष्ट कुणालाही जमते. पगार मिळतो तो दुसरीचा.

महाराष्ट्रातल्या वाचकांना माझं मराठी कुठे जुनं आणि कुठे आंबट वाटलं तर आधीच सांगून ठेवतो, त्यात थोडी चिंच आहे. आम्ही तंजावूरचे मराठी. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ, बँकेत इंग्रजी. देवनागरी वाचणारे आमच्यात थोडेच. मीसुद्धा नोकरीला लागलो तेव्हा घरी मराठी बोलत होतो आणि वाचत होतो तमिळ. माझ्या मुलीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर ती तमिळमध्ये देते. 'अप्पा, बोलतां येतें पण लाज येते,' म्हणते. मला देवनागरी लिहायला शिकवलं ते ऑफिसात, आणि शिकवणाऱ्या होत्या सक्कूबाई. त्यांना सगळे अक्का म्हणायचे. मालकसुद्धा.

अक्का पत्रव्यवहाराच्या प्रमुख. म्हणजे त्या आणि मी, एवढंच खातं. त्यांचे वडील संस्कृतचे शिक्षक. त्यांनी मुलीकडून देवनागरी घोटून घेतली म्हणून पेढीला महाराष्ट्रातली गिऱ्हाइकं सांभाळता आली. पंख्याखालचं टेबल, साखळीचा चष्मा, डबऱ्यात, म्हणजे पसरट पितळी वाटीत, गार होत चाललेली कॉफी, आणि समोर कोपऱ्यात एक छोटी समई, सकाळी त्यांनी स्वतः लावलेली. अक्कांनी टाइपरायटरवर लिहिलं, मग फॅक्स केले, मग ईमेल आली, मग व्हॉट्सॲप. यंत्रं बदलत गेली, अक्का बदलल्या नाहीत. प्रत्येक यंत्राला त्या पहिल्या दिवशी नमस्कार करायच्या आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला जुंपायच्या.

माझ्या आधी माझ्या खुर्चीत एक गृहस्थ होते. त्यांचं इंग्रजी मोठं दांडगं. हैदराबादच्या एका गिऱ्हाइकाने त्यांना कळवलं, की समईवरचा हंस सैल झालाय, काय करू? इथे बाहेरच्यांसाठी सांगतो, आमची समई अखंड नसते. बैठक, दांडा, तेलाची वाटी आणि सगळ्यात वर हंस, हे सुटे ओततात आणि आट्यांनी एकमेकांत बसवतात. हंस सैल झाला तर उजवीकडे फिरवायचा, घट्ट होतो. लहान मुलाला जमेल. पण या गृहस्थांनी लिहिलं, 'काइंडली डू द नीडफुल.' गिऱ्हाईक आज्ञाधारक होतं. त्याने जे नीडफुल वाटलं ते केलं. ओळखीच्या सोनाराला बोलावून हंस डाख देऊन पक्का करून घेतला आणि फोटो पाठवला. हंस वातींकडे पाठ करून बसला होता, कायमचा.

तो फोटो अक्कांनी टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. माझा पहिला धडा त्याच्यावरच झाला.

'सुंदरा,' त्या म्हणाल्या, 'कोण चुकला, सांग.'

'सोनार,' मी म्हटलं.

'नाहीं. गिऱ्हाईक?'

'गिऱ्हाईक.'

'नाहींच. वाचणारा चुकला तर चूक लिहिणाऱ्याची. हें एक पाठ कर, बाकी सगळें मी सांगतें.'

बाकी सगळं फार नव्हतंच. लिहिण्याआधी अक्का डोळे मिटून विचारायच्या, 'तो माणूस आतां कुठं उभा असेल?' लॉरीवाला असेल तर उन्हात उभा असणार, एका हातात फोन, दुसऱ्यात पावती, मागे कुणीतरी हॉर्न वाजवतंय. त्याला पहिल्या ओळीतच गावाचं नाव आणि पेट्यांचा आकडा हवा. देवळाचे विश्वस्त असतील तर ते एकटे नसणार, निरोप ते चौघांना मोठ्याने वाचून दाखवणार. म्हणून वाक्यं वाचायला सोपी हवीत, आणि चौघांत ज्याचा अपमान होईल असा शब्द नको. मी सुरुवातीला 'आपलें कृपापत्र पावलें, वाचून परम आनंद जाहला' असं काहीतरी जुन्या वळणाचं मांडायला लागलो, की अक्का चष्म्यावरून बघायच्या. 'नमनाला घडाभर तेल कशाला, सुंदरा? तेल दिव्याला राहूं दे.' समयांच्या पेढीत ही म्हण ऐकायला बरी वाटायची, त्यामुळे राग येत नसे.

गिऱ्हाइकांची तऱ्हा काय सांगू. मदुरैचे एक मोठे दुकानदार होते. काहीही विचारा, उत्तर म्हणून दोन जोडलेले हात पाठवायचे. माल पोचला का? हात. दर मान्य आहे का? हात. सगळा माल परत पाठवताय असं आम्ही समजू का? पुन्हा हात. आमचे मालक, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, खूश व्हायचे. 'बघा, हो म्हणाले!' अक्का मान हलवायच्या. 'हात जोडले म्हणजे होकार नव्हे, अण्णा. देवळांत आपण रोज जोडतों, देवाचें सगळें ऐकतों कां?' मग त्यांनी त्या गृहस्थांना प्रश्न विचारायची रीतच बदलली. नमस्काराने उत्तर देताच येऊ नये असा प्रश्न. 'उंच समया पाठवूं कीं बुटक्या?' त्या दिवशी मदुरैहून पहिल्यांदा शब्द आला. 'बुटक्या.' अक्कांनी मला कॉफी पाजली.

आणि आमचा कुंभकोणमचा लॉरीवाला. फोन केला की म्हणणार, 'इदो वंदुट्टे इरुक्केन,' म्हणजे हा काय, येतोच आहे. सगळ्या तमिळनाडूला ठाऊक आहे, की 'येतोच आहे' म्हणणारा माणूस अजून लुंगी बदलतोय. पण मराठी गिऱ्हाइकाला हे कसं ठाऊक असणार? मी शब्दाला शब्द ठेवून 'लॉरी येतच आहे' असं कळवायला निघालो, तर अक्कांनी हात धरला आणि लिहवलं, 'लॉरी अजून निघालेली नाही. निघाली की कळवतो.' म्हणाल्या, 'शब्द पोंचवायला पोस्टमन आहे. आपण अर्थ पोंचवतों.' पुण्यामुंबईच्या मोठमोठ्या कंपन्यांत हेच शिकवायला सूटबूट घातलेली माणसं येतात असं मी ऐकतो. आम्हाला ते कॉफीबरोबर मिळालं.

आता अक्कांची एक अडचण. तिच्यावरच ही सगळी गोष्ट आहे.

समयांच्या पेढीत काही शब्द तोंडातून काढायचे नसतात. दिवा विझला म्हणायचं नाही. तमिळ घरात दिवा विझत नाही, तो डोंगर चढतो. आमच्या मराठी घरात दिवा शांत होतो, नारळ वाढवतात, बांगडी वाढते. फुटलं, तुटलं, संपलं, बंद, हे शब्द अक्कांनी जन्मात कधी लिहिले नव्हते. मला वाटायचं, अशाने निरोप गुळमुळीत व्हायचे. झालं मात्र उलटंच. 'माल संपला' लिहायचं नाही म्हटल्यावर लिहायचं काय? 'नवा माल मंगळवारी येतो.' आता सांगा, गिऱ्हाइकाला कशाचा उपयोग जास्त? 'समई फुटली' लिहायचं नाही, तर 'वाटी बदलून देतो, जुनी परत पाठवू नका.' वाईट शब्द टाळायचा म्हणून त्या पुढची वाट सांगायच्या. मी त्यांना एकदा म्हटलंही, की अक्का, तुमचा सोवळेपणा धंद्याला भलताच मानवलाय. त्या हसल्या. तोवर हसण्यासारखंच होतं सगळं.

काही वर्षांपूर्वी अण्णांनी राजवाड्यासमोरचं दुकान बंद करायचं ठरवलं. त्यांची मुलं परदेशात, गुडघे कुरकुरायला लागलेले, आणि यंत्रावरच्या चकचकीत समयांपुढे हाताने ओतलेली समई कोण घेणार, हे त्यांच्या डोक्यात बसलेलं. पॉलिशची माणसं एकेक करून दुसरीकडे लागली होती. ओतकामाला उरले होते फक्त मुरुगेसन आचारी आणि त्यांचे दोघे भाऊ. पापनाशमजवळच्या त्या गावात त्यांच्या आजोबांनी घातलेली भट्टी होती. कोइमतूरच्या पंपांच्या कारखान्यात तिघांना काम मिळत होतं. दीपावली घरी करून निघायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. आचारी काही बोलणारा माणूस नव्हे. ऑफिसात लाकडी नमुने परत द्यायला आले तेव्हा हंसाचा नमुना तेवढा त्यांनी पिशवीतून काढलाच नाही. 'हा राहू द्या, अम्मा. पंपावर हंस बसवत नाहीत, पण राहू द्या,' एवढंच अक्कांना म्हणाले.

विजयादशमीला शेवटची पूजा झाली, शटर खाली आलं. गावातल्या गिऱ्हाइकांना शटर दिसत होतं. बाहेरच्यांना कळवणं आमचं काम. महाराष्ट्रातल्या लोकांना अक्कांनी स्वतः लिहिलं, नेहमीसारखं थोडक्यात: 'आज विजयादशमीच्या मुहूर्तावर आम्ही राजवाड्यासमोरील दुकान वाढविलें. आपला लोभ होता, तसाच राहावा.'

पाठवण्याआधी मीही वाचलं. मला काही खटकलं नाही. आमच्या घरात दुकानं नेहमीच वाढत आली आहेत. आजोबा संध्याकाळी 'दुकान वाढवून येतों' म्हणत आणि कुलूप लावून येत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दुकानावरच्या मजल्यावर, आमच्या ऑफिसात, राहिलेलं आवरत होतो. अक्कांचा फोन वाजायला लागला, थांबेचना. त्यांनी चष्मा चढवला. बराच वेळ बघत राहिल्या.

'सुंदरा, हे लोक माझें अभिनंदन कां करतात?'

फुलं, लाडू, फटाके, सगळं येत होतं. नागपूर, कोल्हापूर, सोलापूर. आणि एक लांब निरोप सांगलीहून, शालिनीताईंचा. शालिनीताई पूजेच्या भांड्यांचं दुकान चालवायच्या, आमच्या जुन्या गिऱ्हाईक. लिहिलं होतं: 'अक्का, दसऱ्याला दुकान वाढवलंत, किती छान बातमी दिलीत! तुमचा व्याप मोठा झालाय तर आता मोठं काम घ्या. इथल्या मुलींच्या शाळेचं नवं सभागृह रथसप्तमीला उघडतंय. व्यासपीठाच्या दोन बाजूंना माणसाच्या उंचीच्या दोन समया हव्यात, आणि मुलींच्या हाती द्यायला पुष्कळ छोट्या. शाळेला मी उद्या शब्द देते.'

मला आधी हसू फुटलं. दसऱ्याचा दिवस, मुहूर्त, वाढविलें, आणि वर लोभ राहावा. यातून दुकान बंद झालं असं कोण समजेल? ध चा मा करायला आमच्याकडे कुणी दुसरं लागलंच नव्हतं. पण अक्का हसल्या नाहीत. खुर्चीत बसल्या आणि काचेखालच्या पाठमोऱ्या हंसाकडे बघत राहिल्या.

'दिव्याखालीं अंधार म्हणतात तो हाच,' त्या म्हणाल्या.

अण्णांना मात्र हर्ष झाला. जिना चढत नसत ते चढून वर आले. 'अक्का, हो लिहा! एवढं मोठं काम पाच वर्षांत आलं नाही. पुढचं पुढं बघूं. आचारींना जमलं तर त्यांच्याकडून, नाहीतर बाजारांतून तयार घेऊन पाठवूं. सांगलीला काय कळतंय?'

त्याच वेळी मुरुगेसन आचारी दारात उभे होते, राहिलेलं सामान न्यायला आलेले. मराठी त्यांना येत नव्हतं, पण अण्णांचा चेहरा वाचता येत होता. मी तमिळमध्ये सांगितलं काय झालंय ते. माणसाच्या उंचीच्या समया, म्हटल्याबरोबर त्यांचा हात आपोआप वर गेला आणि हवेत उंची धरून थांबला. त्यांच्या वडिलांनी असली जोडी एकदा केली होती. त्यांनी स्वतः कधी नाही. 'अम्मा,' ते म्हणाले, 'हे काम आलं तर मी कोइमतूरला जात नाही.'

आता पेच सगळ्यांना दिसत होता. खरं कळवलं तर काम जाणार. दुकान नाही, पॉलिशवाले नाहीत, तीन भाऊ आणि एक भट्टी, अशा ठिकाणी कुठली शाळा काम देईल? आणि काम गेलं तर ती भट्टी पुन्हा पेटणार नव्हती. मीसुद्धा अण्णांच्या बाजूचा झालो होतो. म्हटलं, 'अक्का, आपण खोटं कुठं लिहितोय? फक्त हो म्हणायचं.'

'ती बाई उद्यां शाळेला शब्द देणार, तो आपल्या वाढलेल्या दुकानाच्या भरंवशावर,' अक्का म्हणाल्या. 'तें दुकान कुठं आहे, दाखव मला.' मग आचारींकडे वळल्या आणि तमिळमध्ये म्हणाल्या, 'मुरुगेसा, मी खरं लिहिणार आहे. काम कदाचित जाईल. रागावशील?'

आचारींनी हवेतला हात खाली घेतला. मग म्हणाले, 'सैल बसवलेला हंस आज ना उद्या पडतोच, अम्मा. लिहा.'

अण्णा खाली निघून गेले. जाताना म्हणाले, 'तुमची मर्जी, अक्का.' दुसरा मालक असता तर फोन काढून घेतला असता. हेही लिहून ठेवायला हवं.

अक्का लिहायला बसल्या. चार ओळींसाठी कधी दोनदा विचार न करणारी बाई लिहीत होती आणि पुसत होती. कुठे अडत होतं ते मला कळत होतं. एका शब्दापाशी. मी म्हटलं, 'द्या, मी लिहितो.' त्या म्हणाल्या, 'चूक माझी, हात तुझा, असं नको.' मग उठल्या. कोपऱ्यातली छोटी समई सकाळचं तेल संपून केव्हाच डोंगर चढली होती. तिच्यावरचा हंस त्यांनी हलक्या हाताने फिरवला, आणि त्याचं तोंड भिंतीकडे केलं, आता लिहायचा तो शब्द त्याने पाहू नये म्हणून. परत येऊन बसल्या आणि एका दमात लिहिलं. तो निरोप मला तोंडपाठ आहे:

'शालिनीताई, दुकान बंद झालें आहे. आमच्या भाषेंत दुकान वाढविलें म्हणजे बंद केलें. तुम्ही मोठें केलें असें वाचलेंत. चूक तुमची नाही, माझी. समया ओतणारे मुरुगेसन आचारी अजून गावांत आहेत, दीपावलीनंतर नसतील. जोडी ते करतील, वेळेवर करतील. पॉलिश करणारे आतां आमच्याकडे नाहीत. इतकें असून काम त्यांना द्यायचें कां, तें शुक्रवारपर्यंत कळवा. नको असेल तर दुसरीकडे कुठें चांगलें मिळेल तें मी सांगतें. शाळेला शब्द त्यानंतर द्या.'

मी आयुष्यभर या धंद्यात होतो. याहून चांगला निरोप मी वाचलेला नाही. काय झालं, त्यामुळे तुमचं काय होईल, आता तुम्ही काय ठरवायचं, कधीपर्यंत, आणि नाही म्हणालात तरी तुमचं अडणार नाही. एवढं सगळं, आणि एक शब्द आपली कीव यावी म्हणून नाही. 'आचारी गरीब आहेत, बायकामुलं आहेत' हे लिहायचा मोह मला झाला असता. अक्कांनी लिहिलं, 'वेळेवर करतील.' माणसाची किंमत त्याच्या कामाने सांगितली. मला त्यांचा तेव्हा इतका अभिमान वाटला, की डोळे पुसायला मी खिडकीपाशी गेलो.

दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर मात्र नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. आचारी पापनाशमहून बसने यायचे, दारात उभे राहायचे, मी मान हलवायचो, ते कॉफी घेऊन परत जायचे. अक्का फोनला हात लावत नसत. 'शुक्रवार सांगितलाय, तो शुक्रवार तिचा आहे. मधें विचारायचें नाही,' हा त्यांचा नियमच होता. मी मनातल्या मनात शालिनीताईंना काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शुक्रवारी दुपारी फोन वाजला. आचारी दारातच होते. अक्कांनी वाचलं आणि फोन माझ्या हातात दिला.

'अक्का, तुमचा निरोप शाळेच्या बैठकीत वाचून दाखवला. काम मुरुगेसन आचारींनाच द्यायचं ठरलं. पॉलिश मी इथे करून घेते. समया रथसप्तमीच्या आधी पोचू देत. आणि दुकान वाढवा, माझ्या अर्थाने.'

'वाच नीट,' अक्का म्हणाल्या. 'एक शब्द काढतां येतो कां बघ.'

मी पाहिलं. येत नव्हता.

'मी इतकीं वर्षें लिहितें,' त्या म्हणाल्या, 'आणि ही भांडी विकणारी बाई एका ओळींत माझ्यापुढें गेली.' आणि मग त्या हसल्या, त्या दिवसांत पहिल्यांदा. मी आचारींना तमिळमध्ये सांगेपर्यंत धीर त्यांना नव्हता, हसण्यावरून समजले. जिन्यातून खाली उतरताना दोन-दोन पायऱ्या घेत होते, पन्नाशीचा माणूस. अक्कांनी उठून समईवरचा हंस पुन्हा वातींकडे फिरवला, उजवीकडे, घट्ट.

जोडी झाली. ऐपसीचा, म्हणजे आमच्याकडचा दिवाळीच्या सुमाराचा, पाऊस चिकाटीने पडत होता, साचे वाळता वाळत नव्हते, तरी झाली. शालिनीताईंनी फोटो पाठवला. व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना समया आणि मध्ये मुलींची रांग, प्रत्येकीच्या हातात छोटी समई. तो फोटो काचेखाली हैदराबादच्या हंसाशेजारी गेला. त्या समया पाहून आणखी दोन शाळांनी विचारलं, मग एका संस्थानाने. राजवाड्यासमोरचं शटर काही उघडलं नाही, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे, वरचं ऑफिस तेवढं आमच्याकडे राहिलं. पण आचारींच्या भट्टीला लागून अण्णांनी एक खोली बांधून दिली. लोक बस पकडून तिथे येतात, ओतकाम बघतात, समई घेऊन जातात. कोइमतूरचा पंप तिघा भावांवाचून चाललाय असं कळतं.

अक्कांनी त्यानंतर थोड्याच काळात काम सोडलं आणि पापनाशमला लेकीकडे राहायला गेल्या. मी त्यांच्या खुर्चीत बसलो. खुर्चीत बसलो म्हणजे अक्का झालो असं नाही. माझ्या जागी आता एक हुशार मुलगी येतेय. तमिळ उत्तम, इंग्रजी उत्तम. देवनागरी येत नाही. सांगलीला ती इंग्रजीत लिहील, फोन तिला पुढचे शब्द आपणच सुचवेल, आणि बहुधा सगळं नीट चालेल. मला थोडं वाईट वाटतं, ते कुणावर नाही. जाताना मी तिला दोन्ही फोटो दाखवले आणि एकच वाक्य सांगितलं, तमिळमध्ये. वाचणारा चुकला तर चूक लिहिणाऱ्याची. तिने ते फोनमध्ये टिपून घेतलं.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी मी टेबल आवरलं, कोपऱ्यातली समई शांत केली आणि अक्कांना निरोप पाठवला. 'अक्का, नमस्कार. आज मी काम वाढविलें.'

उत्तर लगेच आलं. ऐंशीला टेकलेल्या बाईचं.

'कुठल्या अर्थानें? नीट लिही.'

लिहिलंय, अक्का. वाचून बघा.